कर्नल नेमका कधी मेला?

सात रस्ता, सोलापूर
रविवार, सकाळ (चहाविना)

करकंबचे भूषण, दोनशे मेंढरांचे धनी आणि माझे शिल्लक राहिलेले एकुलते एक मित्र सिद्धाप्पा यांस त्रिंबकचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मेंढरं खुशालच असतील. ती वाचत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात भांडणं नसावीत. इकडे आम्हा दोघांच्या तब्येती ठणठणीत आहेत, फक्त शालन माझ्याशी कामापुरतं बोलते. (मीठ घ्या, गॅस बंद करा, एवढंच.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमचं घर दोन खोल्यांचं, फोनवर माझा आवाज चढतो, आणि शालन विरुद्ध गटात आहे. म्हणून एसटीतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच कागद-पेन घेऊन बसलोय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तर विषय असा. ज्या लेखकमहाशयांच्या हेरकथा तू, मी आणि चन्नवीर असे तिघे कॉलेजात मागच्या बाकावर बसून वाचायचो, त्यांची नवी कादंबरी आली, ‘मोहीम एक्केचाळीस’. तू विकत मागवलीस आणि पन्नास पानांत झोप लागली म्हणालास, तेव्हा मी तुला हसलो होतो. आमच्या वाचनालयात चाळीस जणांची रांग लागली म्हणून आम्ही दोन प्रती घेतल्या. आणि आमची रीत तुला माहीत आहे, नवं पुस्तक वाचकाच्या आधी हरिबा बाइंडरकडे जातं. (कागदी कव्हराचं पुस्तक चाळीस हातांतून फिरलं की त्याचा पाचोळा होतो.) हरिबा कव्हर काढतो, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करतो, नव्यानं शिवतो, पुठ्ठा चढवतो आणि कडा कापतो. कापताना त्याचा हात फार सढळ आहे. या खेपेला दोन्ही प्रतींत पानांचे आकडेच कडेबरोबर गेले. वाचनालयाचा सचिव या नात्यानं मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. ही माझी पहिली चूक. पुढं आणखी आहेत.

प्रत क्रमांक एक मी घेतली, क्रमांक दोन चन्नवीरनं. सिद्धाप्पा, मी तुझी माफी मागतो, तुझं खरं होतं. ज्या कर्नल धैर्यशीलसाठी मी एकेकाळी मिशा वाढवल्या (आणि शालनच्या वडिलांनी त्या बघून लग्नाला आठ महिने नकार दिला), ते कर्नल आता पंच्याहत्तरीला आले असावेत, तरी इस्तंबूलच्या छपरांवरून पळतात. पळता पळता भाषण करतात. त्यांचा सहायकच फितूर आहे, हे लेखक आपल्याला सुरुवातीच्या चाळीसेक पानांतच सांगून टाकतात, आणि मग अडीचशे पानं आपण वाट बघायची की कर्नलना कधी कळतंय. त्यांना कळतच नाही. शेवटी पुलावर गोळी लागून ते मरतात. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हायसं वाटलं.

दोन महिन्यांत दोन्ही प्रती हातोहात फिरल्या, आणि मग रविवारच्या चर्चेला हॉल भरला होता. बघता बघता माणसं दोन तट करून बसली. निम्मे म्हणाले, लेखक संपले. एकजण म्हणाला, प्रकाशकानं घाई केली. एक बाई म्हणाल्या, इस्तंबूलच्या जेवणाचं वर्णन तेवढं चांगलं आहे. उरलेले निम्मे मात्र अक्षरशः डोक्यावर घेऊन नाचायचे बाकी होते. आमचे अध्यक्ष बसलिंगप्पा यांनी दोन्ही बाजूंना मान डोलवली. (त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचंच मत सगळ्यांत समतोल होतं.) आणि मग चन्नवीर उठला. तुला त्याचं माहीत आहे, दोन हजार पुस्तकं वाचलेला माणूस, चर्चेला येताना इस्त्रीचा शर्ट घालतो. म्हणाला, "कर्नल सुरुवातीलाच मरतो. मेलेला माणूस पुढं अडीचशे पानं हिंडतो, जेवतो, प्रेम करतो, आन लेखक एका शब्दानं खुलासा करत न्हाई. वाक्यसुद्धा मधीच तोडतो. ह्याला धाडस म्हणतात की!"

मला वाटलं, हा पुस्तक न वाचता बोलतोय. आणि मी उभा राहून, साठ माणसांदेखत, हे बोललो. "चन्नवीर, कर्नल शेवटी मरतो. तू पुस्तक वाचलेलं नाहीस."

चन्नवीर रागावला की कानडीत जातो हे तू जाणतोसच. त्या दिवशी तो सबंध कानडीत गेला. मला निम्मं कळलं, उरलेलं त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. जाताना एकच वाक्य मराठीत बोलला, "चाळीस वर्सं झाली, तू माज्याबरुबर वाचतूस. आन तू हे म्हणतूस?"

घरी आलो तर शालन दारात. तीही क्रमांक दोन वाचलेली. फितूर कोण हे शेवटच्या पानांत कळतं तेव्हा अंगावर काटा येतो, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, ते चाळिसाव्या पानाला कळतं. ती म्हणाली, तुम्ही मेले शेवट आधी वाचणारे. त्यानंतर मीठ आणि गॅस.

तीन आठवडे झाले, सिद्धाप्पा. सात रस्त्याच्या टपरीवर सकाळी साडेसहाला आम्ही दोघं एकोणतीस वर्षं चहा पितोय. आता तो सातला येतो, मी साडेसहाला जातो, आणि टपरीवाला आम्हा दोघांना आळीपाळीनं विचारतो की दुसरे साहेब वारले का. मला करमत नाही. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्याला नावं कुणासमोर ठेवायची? शालन म्हणते, माफी मागा. पण माफी मागायची तर तो बरोबर असायला नको का?

तेवढ्यात चन्नवीरनं लेखकमहाशयांना नऊ पानी पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तर आलं! "काळाच्या मोडतोडीचा माझा हा प्रयोग उभ्या महाराष्ट्रात आपण एकट्यानेच ओळखलात." चन्नवीरनं ते पत्र फ्रेम करून वाचनालयात घड्याळाखाली टांगलं. मी रोज किती वाजले बघायला मान वर करतो आणि ते वाचतो.

शेवटी मंगळवारी मी ठरवलं, त्याच्याच प्रतीतून त्याला पुराव्यानिशी खोटं पाडायचं. क्रमांक दोन कपाटातून काढली. तेहतिसाव्या पानाच्या जागी कर्नल इस्तंबूलच्या पुलावर. गोळी. मेले! मी उठून पाणी प्यायलो. मग पुस्तक शेवटी उघडलं, तिथं फितुराचा उलगडा. तिसरा फर्मा अठराव्याच्या जागी शिवलेला आणि अठरावा तिसऱ्याच्या. सिद्धाप्पा, पहिली दोन मिनिटं मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. आणि मग लक्षात आलं, म्हणजे चन्नवीरनं शब्द न् शब्द वाचला होता. मी माझ्या मित्राला साठ माणसांत खोटारडा ठरवलं होतं.

तसाच हरिबाकडे गेलो. त्यानं शांतपणे आठवून सांगितलं, "एक फर्मा चहाच्या कपाखाली घितला होता, आन एक खळीच्या डब्यावर झाकला होता, माशा लई. परत ठिवताना ह्येचा तिकडं ग्येला आसंल." मी म्हणालो, अहो, निम्मं गाव तुमच्यामुळे भांडतंय. तो म्हणाला, "ज्यास्नी आवडलं ती कंची परत?" मी म्हणालो, तुम्ही चुकवलेली. "मग चुकलं कुटं?" याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर कळव.

बुधवारी मी मुद्दाम सातला टपरीवर गेलो आणि चन्नवीरला म्हणालो, माझं चुकलं, तू पुस्तक वाचलेलं आहेस. फर्म्यांचं बोललो नाही. घड्याळाखालची फ्रेम डोळ्यांपुढे होती, कोणत्या तोंडानं बोलणार? तो म्हणाला, "ते मला ठावं हाय की. पुस्तक कसं हाय ते बोल." नुसतं ‘चांगलं आहे’ म्हणायचं होतं, सिद्धाप्पा. तीन आठवड्यांचं भांडण तिथंच मिटलं असतं. पण जीभ रेटेना. मी म्हणालो, पुठ्ठा चांगला आहे. तो अर्धा चहा टाकून निघून गेला.

आता तूच काहीतरी कर. आम्हा दोघांचं ऐकून घेणारा तू एकटा. येत्या रविवारी सोलापूरला ये आणि आमचा समेट घडव. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. चन्नवीरशिवाय मला करमत नाही, हे त्याला सांगितलंस तरी चालेल. मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस.

तुझा,
त्रिंबक

ता. क. – मुख्य काम राहिलंच. चन्नवीर शुक्रवारी पुतणीच्या साखरपुड्याला करकंबला येतोय, उतरणार तुझ्याकडेच. तुझी ‘मोहीम एक्केचाळीस’ घरात दिसता कामा नये. त्यात कर्नल शेवटी मरतो. धान्याच्या कोठीत टाक, मेंढरांच्या वाड्यात पुरून ठेव, पण त्याच्या नजरेला पडू देऊ नकोस. त्याचा आनंद जाईल. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलंय, बाकी सगळं प्रस्तावना समज.

ता. ता. क. – पिनकोड सापडेना म्हणून पत्र घरातच राहिलं, आज गुरुवार. वरची प्रत लपवण्याची सूचना रद्द. हरिबानं ‘पुस्तक म्या सुदारलं’ म्हणून सगळ्या पेठेत सांगितलं, आणि चन्नवीर सोमवारी सकाळी माझ्या दारात उभा! बसला नाही. "सरळ लावलेली परत दे," एवढंच म्हणाला. मी दिली, आणि त्याची मी घेतली. काल त्यानं परत आणून टेबलावर आपटली. "लई भंगार हाय की रे, त्रिंबक! ह्याच्यापरीस तुमच्या एसटीचं वेळापत्रक बरं." पण मी त्याची प्रत वाचलेली होती. शालननं जेवायला चारदा हाक मारली, मला ऐकू आली नाही. कर्नल मेलेत हे माहीत असताना त्यांना बहिणीच्या घरी भाकरी खाताना वाचून बघ, मी ते पान तीनदा वाचलं. मी चन्नवीरला सांगितलं, हे लेखकाचं सर्वोत्तम पुस्तक आहे. तो म्हणाला, लेखकाचं की हरिबाचं? मी म्हणालो, ते महत्त्वाचं नाही. त्यानं ती फ्रेम भिंतीवरून काढली, मी पुन्हा टांगली. तो म्हणाला, काढ. मी म्हणालो, सचिव मी आहे. आज साडेसहाला टपरीवर सुरुवात केली ती साडेआठपर्यंत चालली, तीन चहा झाले, तो दोनदा कानडीत गेला. शालन माझ्या गटात आली आहे आणि भाजीत मीठही बरोबर पडतंय. फार बरं वाटतंय, सिद्धाप्पा. तेव्हा रविवारी कृपा करून समेट घडवायला येऊ नकोस. भांडण आत्ता कुठे रंगात आलंय.