सफरचंदाच्या बागेचं भाषण

प्रिय थर्झाताई,

मोंटाना प्रांताने मला प्रतिनिधी म्हणून निवडून वॉशिंग्टनला धाडलंय. गाडी आपल्या गावावरून जाईल, पण आपल्या सफरचंदाच्या बागेत पाऊल टाकायचं धाडस मला होणार नाही. हे पत्रही मी पोस्टात टाकणार नाही, तरी लिहितो.

दहा वर्षांपूर्वी खाणीच्या वस्तीत मी नवखा वकील होतो. माझ्या अशिलाने, फ्रूमने, भांडणात एका खाणकामगाराला गोळी घालून मारलं. जमाव त्याला फासावर लटकवायला दोर घेऊनच आला. माझ्याजवळ ना साक्षीदार होता, ना मुद्दा. मी घोडागाडीवर चढलो आणि आपल्या बागेविषयी बोलू लागलो. धुक्यातली सफरचंदं, आईची गाणी, फांदीवरून तू मारलेल्या हाका. बोलता बोलता मी तिथेच पोचलो. बर्फ भुरभुरत होता आणि जमावातले ते दाढीवाले खाणकामगार रडत होते.

"सोडा रे त्याला, जाऊ दे घरी," कुणीतरी म्हणालं.

फ्रूम सुटला. पुढच्याच वर्षी त्या लोकांनी मला विधिमंडळात धाडलं.

परवा माझ्या सत्कारात एक बाई पुढे आली. फ्रूमने मारलेल्या त्या खाणकामगाराची बायको.

"वकीलसाहेब, फार गोड बोललात हो त्या दिवशी. आमच्या माणसाचं नाव मात्र एकदाही घेतलं नाहीत. आता तरी घ्या."

ताई, मला ते नाव कधी ठाऊकच नव्हतं.

शेवटी तीच हळूच म्हणाली, "पास्को ट्रेगियर."

मी ते नाव सगळ्यांदेखत मोठ्याने उच्चारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भाषण सुरू झालं.

तुझा,
एझ्रा