अप्पांचा गुडघा

कोल्हापूर

भैरवी बाळा,

पेरू देशातल्या डोंगरातनं आपण अर्ध्यावर परतलो ते अप्पांच्या गुडघ्यामुळं, असं तू रंकाळ्यावर भेटंल त्याला सांगतीस. पण माझा गुडघा ठणठणीत होता.

चार दिवस चालून इंका लोकांचं ते जुनं शहर बघायचं, हे तुझं कॉलेजपासनंचं स्वप्न. दुसऱ्या दिवशी चढावर तुझे ओठ निळे पडले, बोलणं अडखळाय लागलं. आपला गाईड एलियास म्हणाला, "हिला विरळ हवा बाधलीय. लगेच खाली उतरवा."

तू कुठली ऐकतीस! "अप्पा, मी जाणार म्हंजे जाणार!"

मग मी वाटेतच बसकण मारली आणि कण्हलो, "गुडघा गेला गं माझा! आता एक पाऊल टाकवंना."

तू तिथंच माघारी फिरलीस. खाली आल्यावर तुझ्या चेहऱ्यावर रंग परतला, तवा तंबूमागं जाऊन मी रडलो.

हे कळलं तर वर्षभर बोलणार न्हाईस, म्हणून हे पत्र कपाटातच ऱ्हाणार. मघाशी तुझा फोन आला, "उद्या हाडांच्या डॉक्टरकडं जायचं हाय. गुडघा बरा करू, मग परत जाऊ दोघं."

येतो की. डॉक्टरला काय सांगायचं, तेवढं मात्र सुचंना झालंय.

तुझाच लबाड,
अप्पा