डावीकडचं स्टूल

सोमवार, १९ जानेवारी
दुकानातून, दुपारी

प्रिय उजवे,

काकाचे आशीर्वाद आधी, बाकीचं मग.

आम्ही इकडे ठीक. तुझ्या काकूचे गुडघे थंडीने कुरकुरतात, एवढंच. तुझ्या आईच्या शिलाई मशीनचा पट्टा मी काल बदलला. आता आवाज येऊ नये. आलाच तर तिला म्हणावं, तेल ओतत बसू नका, मला बोलवा. मी सातवीत शाळा सोडली, तरी या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका शोधू नकोस. सापडायच्या नाहीत.

हे समोरासमोर बोलता आलं असतं. पण तू ‘बाबा’ म्हणतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहितो.

डावी आणि उजवी ही नावं मीच ठेवली. चावी पकडायच्या वाईसच्या डावीकडे माझी लेक बसायची, उजवीकडे तू. शाळा सुटली की दोघी दुकानात. ती कानस चालवायची आणि तू आमची चेष्टा करायचीस. चावी घासून झाली की मी ती खालच्या ओठावरून फिरवतो. बारीक खरखर बोटाला कळत नाही, ओठाला कळते. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मी शोधून काढलंय. डावीही तसंच करायची. तू म्हणायचीस, “ई, काका, कुणाकुणाच्या खिशातून आलेली असते ती.” डावी म्हणायची, “तुझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहे.”

डावी आजारपणात गेल्यावर थोड्याच दिवसांनी तू आलीस. डावीकडच्या स्टुलावर बसलीस, चावी घासलीस, ओठावरून फिरवलीस आणि म्हणालीस, “बाबा, जरा खरखर राहिलीय.” चहा घेऊन आलेली तुझी काकू दारातच खाली बसली.

मग तू सांगितलंस की हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी हातात हात धरून तुम्ही जीव बदलले. गेली ती उजवी, उजवीच्या अंगात आता डावी आहे. काकूने विचारलं, “त्या सकाळी मी तुझ्या कानात काय म्हणाले?” तू शब्दन् शब्द सांगितलास. तेव्हा खोलीत काकू आणि डावीशिवाय कुणी नव्हतं. त्या दिवसापासून तुझी काकू पोटभर जेवायला लागली.

सकाळी कानात पडलेलं दुपारी मैत्रिणीला सांगता येतं, एवढं मला कळत होतं. काकूला ते सांगितलं नाही.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती. तू म्हणालीस, “बाबा, दुकान मीच चालवीन. पाटीवर माझं नाव घाला.” मी पाटी रंगवायलासुद्धा टाकली. आजारी पडायच्या आधी माझी लेक मला काय म्हणाली होती, सांगू? “तुमचं दुकान तुम्हाला लखलाभ. मला जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडत बसायचं नाही.” तिला जहाजावर जायचं होतं. हे आम्हा बापलेकीतच राहिलं, काकूलाही माहीत नाही. ‘दुकान मीच चालवीन’ हे वाक्य जाता जाता तिनेच तुला पढवलं, माझ्यासाठी, की तू आपणहून म्हणालीस? विचारायचा धीर होत नाही. काही असो, डावीकडे बसलेली माझी लेक नाही हे मला तिथेच कळलं.

आणि तरी मला बरं वाटलं. वाद नाही, उलट उत्तर नाही. खऱ्या लेकीशी पटलं नाही तेवढं माझं तुझ्याशी पटत होतं.

काल तू काकूजवळ बसली होतीस, तेव्हा तुझी आई दुकानात आली. म्हणाली, “भाऊजी, घरी एक कुलूप उघडायचंय.” मला वाटलं, चावी हरवली असेल. कुलूप तुझ्या खोलीचं होतं, तू लावलेलं. स्वस्तातलं, हात लावताच उघडलं. आत तुझं काही नव्हतं. कपडे, रंग, भिंतीवरची चित्रं, सगळं ट्रंकेत, आणि ट्रंकेला दोरी. माणूस गेल्यावर आवरतात तसं.

तुझी आई म्हणाली, “हाक मारली की म्हणते, ती गेली. भाऊजी, तुमची गेली, त्याचं मला दुःख आहे. पण माझी जिवंत आहे हो. तिला नेऊ नका.”

मशीनचा पट्टा ढिला दिसला, तो बदलत बसलो.

पोरी, तू डावीला जो काही शब्द दिला असशील, तो मी, तिचा बाप, परत घेतो. ट्रंकेची दोरी सोड. आईने हाक मारली की ओ दे. आम्ही आईबाप तिच्यासाठी रडू, पण मैत्रिणीचं रडणं आम्हाला यायचं नाही. ते तुझ्याकडेच आहे, आणि तूच गेलीस तर ते कोण रडणार?

यापुढे डावीकडे बसू नकोस. दुकानात यावंसं वाटलं तर उजवीकडची जागा तुझीच आहे. नाही वाटलं तरी माझा राग नाही.

आता शटर ओढून घरी जायचंय. काकू डावीसाठी स्वेटर विणतेय, मापं तुझी घेतलीत. बाह्या तेवढ्या राहिल्यात. तिला सांगायचं आहे, डावी गेली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी नुसता शेजारी उभा होतो. या वेळी सांगणारा मीच.

तुझा,
काका