कादंबऱ्यांचे खरे शेवट

मी, चंदना भूपाल मगदूम, वय वर्षे एकाहत्तर, धर्म जैन, धंदा घरकाम व कादंबरीवाचन, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. मधुमेहाने माझी दृष्टी गेली असल्याने मी बोलत आहे आणि वकील राजवर्धन सरनोबत लिहून घेत आहेत. कादंबरीवाचन हा धंदा होत नाही असे वकिलांचे म्हणणे पडले. माझे यजमान कै. भूपाल यांचेही हयातभर हेच म्हणणे होते. तरी तो शब्द राहू द्यावा. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि असता तरी मी तो जुमानला नसता, हे मला ओळखणारे कोणीही सांगेल.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या नावावर आहे. तो माझ्या पश्चात मुलगा अभिनंदन व सून आदिती यांच्या दोघांच्या नावे समान हिश्श्याने व्हावा. एकट्या अभिनंदनच्या नावे का नको, असे तो विचारील. नको म्हणून नको.

कलम २. शिरोळ येथील उसाच्या जमिनीतला माझा हिस्सा अभिनंदनला. तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असून शेताकडे फिरकत नाही, हे मला माहीत आहे. विकायची झाल्यास बांधाशेजारच्या चुलत दिरांना विकू नये. त्यांनी माझ्या लग्नात आलेल्या कादंबऱ्यांची पाने फाडून गुळाच्या ढेपा गुंडाळल्या होत्या. एक कादंबरी मी त्यामुळे अर्धीच वाचली आणि ती पुन्हा कुठे मिळाली नाही.

कलम ३. पाटल्या, बोरमाळ व कुड्या आदितीला. याला एक अट आहे, ती कलम ७ मध्ये.

कलम ४. माझी सर्व पुस्तके शिरोळच्या आमच्या गल्लीतल्या वाचनालयाला द्यावीत. त्यांची पुस्तके पुरात भिजून लगदा झाली होती. मात्र गेल्या पावसाळ्यापासून मला विशेष आवडलेल्या तीन कादंबऱ्या ज्यांनी वाचाव्यात अशी माझी इच्छा आहे, त्यांना आधी द्याव्यात. त्या मी वाचलेल्या नाहीत, ऐकलेल्या आहेत. आमच्याकडे अंधार पडण्यापूर्वी जेवणे उरकतात. मग आदिती बँकेतून आलेली दमलेली असतानाही माझ्या पलंगाशी बसून वाचते, आणि फार छान वाचते. खाली मला ऐकवलेले आणि छापलेले असे दोन्ही शेवट दिले आहेत. हा फरक का पडला ते पुढे येईल.

‘स्टेशनमास्तरचा उन्हाळा’ अभिनंदनने वाचावी. एक लहान स्टेशन, विधुर मास्तर आणि परगावी गेलेला मुलगा. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही, तिथे कंटाळून बाजूला ठेवू नये. मला ऐकवलेल्या शेवटात बापलेक बाकावर बसून चहा पितात. छापलेल्या शेवटात मुलगा उतरतो तेव्हा बाप गेलेला असतो आणि नवा मास्तर त्याच्याकडे तिकीट मागतो. असा शेवट लिहायला छाती लागते. एकाच घरात राहूनही मुलगा परगावी असू शकतो, हे अभिनंदनला वाचल्यावर कळेल.

‘दोघी जणींची पिठाची गिरणी’ वकील राजवर्धन यांनी वाचावी. दोन जावांचा वाटणीचा दावा आहे आणि वकिलाची फजिती आहे, त्यामुळे त्यांना मजा येईल. ऐकवलेल्या शेवटात जावा एकमेकींच्या गळ्यात पडतात. छापलेल्या शेवटात थोरली मरते, आणि धाकटी रिकामी गिरणी चालू करून तिच्या आवाजात रडून घेते, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. वकिलांनी आत्ता लिहिणे थांबवले होते. त्यांनी पुढे लिहावे.

कलम ५. तिसरी कादंबरी ‘नावाडी घरी नाही’. ती कोणाला देऊ हे मला ठरवता आलेले नाही. ज्या बाईसाठी ती होती तिच्याकडे ती आहेच, आणि त्यामुळेच ती माझ्याशी बोलत नाही.

शिरोळची संयोगिता माने ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचा धाकटा मुलगा २०१९ च्या पुरात गोठ्यातली जनावरे सोडायला गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून तिने पुस्तक हाती धरले नव्हते, आणि त्याआधी आम्ही दोघी एकमेकींना सुचवल्याशिवाय काही वाचत नव्हतो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी ही कादंबरी ऐकली. पुरात वाहून गेलेल्या पोराची आई रोज घाटावर जाऊन बसते. आदितीच्या तोंडून शेवटच्या प्रकरणात ते पोर खालच्या गावात जिवंत सापडले. मी तशीच संयोगिताला फोन लावला. हे मृत्युपत्र सोडले तर कोणालाही पुस्तक सुचवताना मी शेवट सांगत नाही. तिला सांगितला, कारण तो ठाऊक असल्याखेरीज तिने पान उघडले नसते.

तिने पुस्तक मागवून घेतले, आणि आठवडाभराने तिचा फोन आला.

“चंदे, पोरगं येतं म्हणालीस की. कुठं आलं?”

मी म्हटले, येतं की, नीट वाच.

“दोनदा वाचलं,” ती म्हणाली. “नुसतं कापडं सापडत्यात.”

तिने फोन ठेवला. त्यानंतर माझा एकही फोन तिने उचललेला नाही. शिरोळला जाऊन तिच्या दारात बसावे असे फार वाटते, पण मला आता गाडीत बसवत नाही. माझ्या पश्चात अभिनंदनने स्वतः जाऊन हे कलम आणि पुढचे कलम तिला वाचून दाखवावे. तिने दार लावले तर दाराबाहेरून वाचावे.

कलम ६. संयोगिता खोटे बोलत नाही, म्हणून मी शेजारचे जोतीराम पोवार यांना बोलावले. ते एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. आदिती बँकेत असताना मी त्यांच्याकडून सगळ्या कादंबऱ्यांची शेवटची पाने वाचून घेतली. त्यांनी ती थांबे पुकारल्यासारखी वाचली, पण छापलेली वाचली. श्रावणापासून ऐकलेल्या कादंबऱ्यांत एकही माणूस मेलेला नव्हता. पुस्तकांत मात्र माणसे पटापट मरत होती.

नुसते डोळे गेलेल्या बाईसाठी कोणी एवढी मेहनत घेत नाही. मी अभिनंदनला सरळ विचारले. तो म्हणाला, “आतड्याला सूज हाय आई, बाकी काय न्हाय.” मग मी माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉ. पूर्णिमा शिंदे यांना, घरी कोणी नसताना, बोलावले आणि त्यांचा हात धरून विचारले. त्यांनी सांगितले. मला आतड्याचा कर्करोग आहे, तो यकृतात पोहोचला आहे, आणि येणारे भाद्रपदातले पर्युषण मी पाहीन असे त्यांना वाटत नाही. माझ्या घरात हे श्रावणापासून माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होते.

आमच्यात म्हाताऱ्या माणसाला वेळ जवळ आल्याचे सांगायचे असते. माझ्या सासूबाईंना भूपाल यांनी शेजारी बसून सांगितले होते. त्यांनी आधी तूप सोडले, मग धान्य, मग ताक. घरातल्या प्रत्येकाची, माझीसुद्धा, हात जोडून क्षमा मागितली. सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचे व्रत, घेतली आणि शुद्धीत गेल्या. आदितीच्या माहेरी आजाऱ्याला सांगत नाहीत, त्याने धीर सुटतो म्हणतात. तिने मायेपोटी केले हे मला कळते. पण अभिनंदनने आपली आजी पाहिली आहे. त्याला आपली रीत ठाऊक होती आणि तो गप्प राहिला.

सासूबाईंएवढे बळ माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. ते कळायला वेळ लागला असता, आणि तो वेळ माझ्या माणसांनी मला गोड शेवट ऐकवण्यात घालवला. मला याचा राग आहे. जाण्यापूर्वी सोडायच्या गोष्टींत मी तो तुपाच्याही आधी धरला आहे. तूप सुटले, राग अजून सुटलेला नाही.

कलम ७. माझ्यामागे रडारड करू नये आणि जेवणावळ घालू नये. डोळे माझ्या कामाचे उरले नाहीत, तरी दान होत असतील तर द्यावेत.

कलम ३ ची अट अशी. दिसत नसलेल्या माणसाला त्याचे मृत्युपत्र वाचून दाखवावे लागते. हे काम वकिलांनी न करता आदितीने करावे. आत काय लिहिले आहे हे तिला माहीत नाही. तिने एकही शब्द न गाळता व न बदलता वाचले तरच दागिने तिचे. बदलल्यास तेही वाचनालयाला.

वाचून दाखविल्याबाबत. वरील मजकूर आदितीने आज संध्याकाळी जेवणे झाल्यावर मला वाचून दाखवला. अभिनंदन व दोन्ही साक्षीदार हजर होते आणि वकील कागदावर नजर ठेवून होते. चौथ्या कलमातच तिचा आवाज बारीक झाला. सहाव्यात, डॉक्टरांनी सांगितले इथपर्यंत येऊन ती थांबली. पुढचे वाक्य केवढे आहे ते मला ठाऊक होते, मीच सांगितलेले. ती इतकी थांबली की मला वाटले, आता हिने सूज म्हणावे आणि मी ऐकून घ्यावे. पोरीला किती छळायचे.

अभिनंदन म्हणाला, “आदिती, ऱ्हाऊ दे.”

ती वाचू लागली. कर्करोग म्हणाली, यकृत म्हणाली, पर्युषण म्हणाली. रडत वाचले, पण सगळे वाचले. स्वतःबद्दलचेही.

काही दुरुस्ती आहे का, असे वकिलांनी विचारले. नाही. आदितीने डोळे पुसून विचारले की उद्यापासून काय वाचू, बँकेतल्या मैत्रिणीकडून एक हलकीफुलकी आणली आहे.

मी म्हटले, “ती नगं. ज्यात माणसं मरत्यात ती आण. कसं मरत्यात ते मला बघून घ्यायचं हाय.”

ती बरे म्हणाली. अभिनंदन पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसला आहे, आणि अजून उठलेला नाही.

हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र. ते ऐकून, समजून मी खाली अंगठा न देता सहीच केली आहे. ओळ वाकडी गेली असल्यास चालवून घ्यावी.

सही: चंदना भूपाल मगदूम

वाचून दाखविणार: सौ. आदिती अभिनंदन मगदूम (छापील, म्हणजे लिहिलेले, तेवढेच वाचले)

साक्षीदार:
१. डॉ. पूर्णिमा शिंदे. सही करणार शुद्धीत व पूर्ण भानावर आहेत. त्यांना सर्व माहीत आहे.
२. जोतीराम पोवार, निवृत्त वाहक

लिहून घेणार: ॲड. राजवर्धन सरनोबत

ठिकाण: शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक: १९ जानेवारी २०२६