दांडा छाटलेली सायकल

माय, आज मी वाशीमला सायकलच्या दुकानात गेले होते. तुझ्या धाकटीच्या, माझ्या बहिणीच्या, नातीला सायकल घ्यायची होती, आणि घरच्यांनी परस्पर ठरवलं की सायकल म्हटली की मोठ्या आजीलाच न्यायचं, जशी काही मी सायकलींची वैदूच. गुडघे आता माझं ऐकत नाहीत, रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात लागतो, तरी गेले. दुकानात मुलींच्या सायकली ओळीनं उभ्या होत्या. समोर टोपली, साखळीवर झाकण, मागच्या चाकाला जाळी, रुंद मऊ सीट, आणि मधला दांडा तिरपा उतरून पायाशी गेलेला. पोरगी रंग बघत होती, निळा की जांभळा. मी त्या तिरप्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिले ती राहिलेच. दुकानदार म्हणाला, "आजी, बसून पाह्यता का?" सगळे हसले, मीही हसले. पण माझे डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नये म्हणून मी किमतीवरून भांडायला लागले.

त्याच बाजारात, बहुधा त्याच बाजूला, तू एकदा एका दुकानापुढं डोक्यावरचं टोपलं उतरवलं होतंस. लढाईचे दिवस होते. जऊळक्याहून सकाळच्या गाडीनं आपण वांगी, भेद्रं, सांबार घेऊन वाशीमला यायचो, विकून संध्याकाळच्या गाडीनं परत. हल्लीच्या पोरी भेद्राला टोमॅटो आणि सांबाराला कोथिंबीर म्हणतात. त्या दिवशी माल लवकर संपला. दुकानात दोन काळ्या सायकली भिंतीला टेकून होत्या. तू आत शिरलीस आणि लुगड्याचं माप विचारावं तितक्या सहज विचारलंस, "बाईच्या मापाची दाखवा." दुकानदारानं पान थुंकलं आणि म्हणाला, "बाई, सायकल मर्दाचीच येते. मेमसाहेबाइसाठी तिकडं विलायतेत बनवते म्हणते, म्या तं पाह्यली नाही. आता लढाईत मर्दाची बी मुश्किलीनं येऊन राह्यली." तू त्या सायकलीभोवती एक फेरी मारलीस, बैल घ्यायला आल्यासारखी. उंच दांड्यावर बोट वाजवून म्हणालीस, "ज्यानं हे बनवली त्याच्या घरी बाईमाणूस नाही वाटते." तिथल्या माणसांना ती थट्टा वाटली. तू थट्टा करत नव्हतीस, हे एकटी मी ओळखून होते.

कारण तोवर माझं सगळंच त्या दोन चाकांवर येऊन ठेपलं होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापानं गेला, आणि सासरच्यांनी मला चुलीपुढं कोपरा नेमून दिला, तेव्हा तू बैलबंडी घेऊन आलीस आणि मला उचलून मळ्यात आणलंस. बाबा आधीच गेलेले, धाकटी सासरी. मोट तूच हाकायचीस, पाणी तूच द्यायचीस, आणि त्यातून मला पुन्हा शाळेत घातलंस. भावकीनं तोंडसुख घेतलं. तू म्हणालीस, "इले मी कोणाच्या दारात उभी राहू देणार नाही." मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले आणि पलीकडच्या गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक आली. दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायचं, घंटेच्या आधी पोचायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. गाव दोन कोस आत, रेल्वेच्या वाटेवर नाही. एकट्या पोरीला तिथं बिऱ्हाड करून ठेवणं तुला मान्य नव्हतं, बैल मोटेला लागायचे, आणि पायी जाऊन येऊन दिवसभर उभं राहून शिकवणं मला झेपेना. मी दोन दिवस चालून पाहिलं होतं, तिसऱ्या दिवशी पाय उचलेना. तेव्हा जऊळक्याच्या स्टेशनातल्या तारबाबूंची बदली झाली आणि त्यांनी आपली सायकल विकायला काढली.

ती सायकल मळ्यात आली ते अजून डोळ्यांपुढं आहे. तू तिला हळदकुंकू लावतेस, चाकाखाली नारळ फोडतेस, आणि मग पदर खोचून म्हणतेस, "बस." उडदाचं वावर रिकामं झालेलं, माती अजून ओलसर, पडलं तरी लागत नाही. तू मागून धरलंयस आणि मी दांड्यावरून पाय टाकायला बघते आहे. कासोटा आहे म्हणून पाय जातो तरी, पण पलीकडचं पायडल टाचेला लागतच नाही. तारबाबू उंच माणूस. सीटवर बसले की पाय लोंबतात, सीट सोडली की दांडा नको तिथं लागतो. थोडी चालले की लुगड्याचा काठ साखळीत, आणि मी तोंडावर. तू मला उठवायच्या आधी काठ सोडवायला बसतेस, एकेक दाता मागं फिरवत, आणि त्या विलायतेच्या माणसाशी बोलतेस. "काहून रे बाप्पा, तुह्या मायनं कधी लुगडं नेसलं नाही? साखळीले एक झाकण द्याले का तुले कारखाना विका लागत होता?"

तो माणूस त्या पंधरवड्यात आपल्या मळ्यात राहायलाच आला. त्याचं नाव आपल्याला माहीत नव्हतं, तोंड माहीत नव्हतं, तरी तू वांग्याच्या वाफ्यात खुरपत असताना त्याच्याशी बोलायचीस. बाईला काय काय लागतं ते त्याला सांगायचीस. "आमाले बी कुठी जा लागते, दादा. बाजारात जा लागते, दवाखान्यात जा लागते, आता माही पोरगी शाळेत जाऊन राह्यली. आमी का पाय घरी ठेवून येतो?" मी हसायचे. संध्याकाळी मोट थांबली, पाटातलं पाणी मुरलं की, मोट जिथं रिकामी होते त्या थारोळ्याच्या कडेवर आपण दोघी पाय सोडून बसायचो, आणि मला खरंच वाटायचं की दूर कुठंतरी धुक्याच्या गावात तो माणूस हातातलं काम थांबवून कान देतो आहे. तुरी फुलल्या होत्या. त्या पिवळ्या उजेडात तुझा आवाज कुठवर जात असेल याला मला काही हद्द दिसायची नाही.

पण ऐकून तो काही येणार नव्हता, म्हणून तूच कामाला लागलीस. रॉकेलचा डबा कापून साखळीवर झाकण बसवलंस. अंबाडीची दोरी वळून मडगार्डाला बारीक भोकं पाडलीस आणि तिथून चाकाच्या आसापर्यंत दोऱ्या ताणून अशी जाळी विणलीस की पदर सोडा, चिमणीचं पीसही आत जायचं नाही. सीटवर आपल्याच पऱ्हाटीच्या कापसाची गादी शिवलीस, कारण ती चामड्याची निमुळती बैठक बघून तू म्हणाली होतीस, "हे बसाले हाय का शिक्षा द्याले?" समोर टोपली बांधलीस. राहिला दांडा. त्याच्याकडं तू दोन दिवस नुसती बघत होतीस.

माय, तुझं सगळं शहाणपण झाडांचं. भेद्राच्या झाडाला मधेच बगलफूट आली की तू ती खुडून टाकायचीस, म्हणायचीस, जे फळ देत नाही ते झाडाचा जीव खाते. तो दांडाही तुला तसाच दिसला. काही फिरत नाही, काही ओढत नाही, नुसता आडवा येतो. आपण सायकल लोहाराकडं नेली. लोहारानं डोकं खाजवलं. "मावशी, कंपनीनं ठेवला तं काहीतरी कामाचाच असन." तू म्हणालीस, "कंपनीले का लुगडं नेसा लागते? काप तू." मलाही ते पटलं, फायनल पास झालेल्या मास्तरणीला. त्यानं करवत चालवली. दांडा खाली पडला तेव्हा ती सायकल अशी मोकळी, अशी हलकी दिसली की मी टाळ्या वाजवल्या.

रुजू व्हायला दोन दिवस उरले होते. मी टोपलीत कोबीचे गड्डे ठेवून, खऱ्या ओझ्यासह चालवून बघावं म्हणून वावरात निघाले. पाय सहज आत गेला. वारा लागला. पाटाशी जरा उतार होता, तिथं चाक दणकन आदळलं आणि माझ्याखाली सायकल हळूच, अगदी सावकाश, मधून वाकली. म्हैस बसते तशी बसली. कोबी पाटात वाहून गेले. मी चिखलात बसून रडले, आणि ते रडणं पडल्याचं नव्हतं. चुलीपुढचा तो कोपरा पुन्हा दिसायला लागला होता. तू धावत आलीस, आधी माझे हातपाय चाचपलेस, मग सायकलीचे.  त्या रात्री आपण दोघीही जेवलो नाही.

सकाळी मी उठले तर तू कारल्याच्या मांडवाखाली उभी. वेलांनी मांडव भरला होता आणि एका बाजूनं झुकू नये म्हणून तूच लावलेला टेका तिथं होता, वरच्या कोपऱ्यातून खाली बुंध्याशी गेलेला, तिरपा. तू त्या टेक्याला हात लावून मला हाक मारलीस. "पोरी, म्या फूट समजून टेका कापला वं." एवढं म्हणालीस आणि खो खो हसत सुटलीस. मला तुझा राग यायला हवा होता, पण तू अशी हसत असताना तुझ्यावर रागावणं कुणाला जमलंय? आपण ती वाकलेली सायकल आणि तो कापलेला दांडा घेऊन पुन्हा लोहाराकडं गेलो. लोहारानं सांगाडा तापवून सरळ केला, आणि तोच दांडा खाली, हँडलच्या मानेपासून पायडलाच्या आसाच्या जरा वर, तिरपा बसवून पितळेचा डाख दिला. वरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. "आता हत्ती बसवा," म्हणाला. निघता निघता तू म्हणालीस, "सीट बी खाली घे अजून. अजून. हां." मला ती जरा जास्तच खाली वाटली. पण घाई होती.

सोमवारी मी निघाले. पहाट सरत होती, पांधणीच्या गाडीवाटेत धुकं साचलेलं, दोन्हीकडं पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली. तू मळ्याच्या काटेरी कुपाटीपर्यंत आलीस आणि म्हणालीस, "घंटेच्या आधी पोच. मांग पाहू नको." मी पाहिलं. तू धुक्यात उभी होतीस, आणि तुझा हात माझ्या सायकलीच्या कॅरियरवर असावा तसाच पुढं धरलेला होता. मी घंटेच्या कितीतरी आधी पोचले, शिपायालाच उठवावं लागलं. पोरी मला सायकलबाई म्हणायला लागल्या. पावसाळाभर काळ्या मातीनं चाकं भरली की मीच तिला ढकलत नेई. तरी ती नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली, आणि कुणाच्याही दारात उभी राहिले नाही.

पुढं कधीतरी, तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नागपूरला मी पहिल्यांदा कंपनीची बायकांची सायकल पाहिली. जाळी तशीच, झाकण तसंच, दांडाही तिथंच, जिथं तू लोहाराला बोट ठेवून दाखवला होतास. म्हणजे तो तिकडचा माणूस अगदीच बहिरा नव्हता. आपल्यापर्यंत पोचायला मात्र त्यानं फार उशीर केला. मी भर रस्त्यात पुटपुटले, "माय, आली वं तुही सायकल." बरोबरच्या बाईंना वाटलं मला ऊन लागलं.

आणि एक दिवस, जो मी कुणालाच सांगितला नाही. शनिवारची शाळा होती, गावात कुणी वारलं म्हणून तीही लवकर सुटली. सायकलीचं पंक्चर आदल्या दिवशी काढायचं राहिलं होतं, म्हणून ती घरीच होती आणि मी चालत आले. कारल्याच्या मांडवाआड थांबले. तू पंक्चर काढून घेतलं होतंस. बैल जिथून मोट ओढत उतरतात त्या धावेच्या माथ्यावर तू सायकल घेऊन उभी होतीस. इकडं तिकडं पाहिलंस. कासोटा घट्ट केलास, तिरप्या दांड्यावरून पाय आत घातलास, आणि सोडून दिलंस. धाव उतरून सपाटीवर येईपर्यंत तू एकदाही पाय टेकला नाहीस. पदर मागं उडत होता आणि जाळीनं त्याला चाकात जाऊ दिलं नाही. खाली पोचल्यावर तू एकटीच तोंडाला पदर लावून हसलीस, आणि सायकल ढकलत पुन्हा वर निघालीस. तुझे दोन्ही पाय जमिनीला बरोबर टेकत होते. तू माझ्याहून वीतभर बुटकी होतीस, माय.

हे पत्र मी कुठं टाकणार? आणि तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर थारोळ्याच्या कडेवर बसून मीच वाचून दाखवलं असतं, आणि तू सांबाराच्या जुड्या बांधत मधेच म्हणाली असतीस, "मंग?" सगळं वाचलं असतं, हा शेवटचा भाग सोडून, कारण तू मला ते कधी सांगितलं नाहीस. ती सीट मला कायम बुटकी होती. चढावर गुडघे हँडलला लागायचे, आणि एका पान्याचं तर काम होतं. मी ती कधीच वर केली नाही. शाळेतून आले की सायकल लिंबाखाली लावायची आणि काहीतरी काम काढून मुद्दाम मळ्याच्या पार टोकाच्या वाफ्यात जायचे, जिथून धाव दिसत नाही.