फियाटच्या दाराचं प्याड

४ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार

बन्सी लेकीला बोलला. जेवताना, घास तोंडात धरून — "वच्छे, हे दार जमलं तर गॅरेजात राहा. नाय जमलं तर गुमान शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी परत धर." माझ्याच पोटचा, पण ही अक्कल कुठून आणली कळत नाय!

फुलंब्रीच्या तात्यासाहेबांची जुनी फियाट बन्सीच्या गॅरेजात उभी हाय. त्यांच्या वडलांनी घेतलेली. काच खाली गेली ती वर येईना. आत हात घालायचा तर दाराचं आतलं प्याड काढावं लागतं, आणि तसलं रेक्झिन आता कुठंच मिळत नाय. तात्यासाहेब म्हणाले, "माझ्यासमोर काढा. फाटलं तर गाडी पुण्याला नेतो." बन्सी इंजिनाचा माणूस, प्याडाला भितो. वच्छी म्हणाली, "मी काढते."

नात कोणाची!

५ नोव्हेंबर, शनिवार

वच्छीनं बापाला शहागंजच्या बाजारात धाडलं. प्याड उचलायचा फोर्क आणा म्हणाली, रुंद जिभेचा, पोलादी. गडी आला हिरवा प्लास्टिकचा सेट घेऊन!

"लोखंडाचा नव्हता व्हय रे?"

"होता की. पण माय, शनिवारी लोखंड घरात आणू नको म्हणून तूच बडवलंस ना मला!"

वच्छी उचकी लागेपर्यंत हसली. लेकानं ऐकलं म्हणून मला बरं वाटलं — त्याला कशाला सांगू.

६ नोव्हेंबर, रविवार

भंगारातल्या दारावर तालीम. प्लास्टिकची जीभ प्याड धरून ठेवणाऱ्या जुन्या लोखंडी क्लिपाखाली घातली — कटकन मोडली. बन्सी पेचकस घेऊन पुढं. वच्छीनं हातातून काढून घेतला. "सगळा जोर टोकावर येतो, पप्पा. आतला पुठ्ठा भोसकला जातो."

७ नोव्हेंबर, सोमवार

मी वच्छीसंगं शहागंजला. दुकानदारानं चार-पाच फोर्क समोर टाकले. जाड नको — फटीत शिरत नाय. अरुंद नको — पुठ्ठा फाडतो. पातळ, रुंद, मधोमध चिरलेला घेतला. क्लिप त्या चिरेत बसते. दुकानदार म्हणाला, "किसके वास्ते, बेटी?" ही म्हणाली, "मेरेच वास्ते."

घरी येऊन त्याच्या कडा घासत बसली. बोट फिरवायची, परत घासायची. मी तांदूळ निवडताना एवढं बघितलं नसेल.

८ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रहण. तात्यासाहेबांचा निरोप — उद्या येतो. बरं झालं.

९ नोव्हेंबर, बुधवार

तात्यासाहेब काठी टेकून अगदी दाराला चिकटून उभे. आधी काचेचं हँडल. बन्सीनं पक्कडीनं उपटलं असतं. वच्छीनं हँडलामागची चकती दाबली, बारीक पिन दिसली, ती हळूच ठोकून काढली. कडेची चकचकीत पट्टी मात्र बापानं आणलेल्या सेटातल्या दुसऱ्या प्लास्टिकनंच उचलली. रंगाला ओरखडा येत नाय म्हणे. बापाचाही मान राहिला.

मग दाराच्या कडेला माझ्या जुन्या लुगड्याचा पदर अंथरला आणि फोर्क आत सरकवला.

"हळू गं पोरी! हळू!"

"आजोबा, जरा गप बसा. क्लिप सुटल्याचा आवाज ऐकू द्या."

तात्यासाहेबांना! अख्खी फुलंब्री ज्यांच्यापुढं मान खाली घालती, त्यांना! मी देवाचं नाव घेतलं आणि बन्सीनं डोळं मिटलं.

टक्. मग दुसरी. टक्. सगळं प्याड अख्खं हातात आलं, वाळल्या पापडासारखं. कुठं चीर नाय.

तात्यासाहेबांनी त्याच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "दगडाबाई, पोरीनं जीभ तुमची घेतली."

"हात बी माझेच हायेत," मी म्हटलं.

खोटं बोलले. हात तिचे तिचेच हायेत.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

फियाट काच वर करून फुलंब्रीला गेली. आज नवं गिऱ्हाईक आलं. "मिस्तरी कुठाय?" बन्सी बॉनेटात वाकलेला. त्यानं मान वर न करता वच्छीकडं बोट केलं.