आमंत्रण बॅटरीला

६ एप्रिल १९७५, हिंगोली. सकाळी.
ठरलं. पुढच्या महिन्यात औरंगाबादला मोटारींची रेस आहे, आपण उतरायचं. पद्मा शिमग्याला माहेरी सिद्धेश्वरला गेली ती गेलीच. टॅक्सी बंद करून रेसची गाडी करतो म्हटल्यावर म्हणाली, एक तर सवारी भरा, न्हाई तर मला माहेरी सोडा. सोडलं. गाडी काय पळाली त्या दिवशी! आता कप घेऊन सासऱ्याच्या दारात उभा राहिलो की आपणहून येऊन बसते का नाही बघा.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. डोकं थंड ठेवणे. बॅटरी नवी घेणे.

७ एप्रिल.
आठला उठलो. रात्री उकडत होतं.

८ एप्रिल.
पुनमचंदकडे गेलो. लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावतो, बॅटऱ्या चार्ज करून देतो. म्हणाला, नरसिंगभाई, रेसच्या गाडीला हलकी बॅटरी घ्या, गाडी सुरू करून दिली की तिचं काम संपलं. आयुष्य भोंग्यात गेलेल्या माणसाला रेसमधलं काय कळणार! मी ट्रॅक्टरची घेतली. ताकद ती ताकद. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट आधीच काढलेली होती, त्या जागी बसवली. उचलायला दोघं लागले.

१२ एप्रिल.
पुनमचंदनं बजावलं होतं, पाणी प्लेटा बुडतील इतकंच घाला. म्हटलं कंजुषी काहून? काठोकाठ भरलं. गाडी खड्ड्यात आदळली अन् ॲसिड उडून माझ्या टेरिकॉटच्या पँटीवर. लग्नातली पँट. मांडीवर चाळण झाली. पण बॅटरीला काही झालं नाही, हे महत्त्वाचं.

१९ एप्रिल.
रोज बॅटरी पुसून राहिलो. ग्रीस लावतो, वायरी घट्ट करतो, सेल्फ मारून बघतो. आई म्हणाली, इतकं बायकोला जपलं असतं तर ती गेली नसती. आईला मशिनरीतलं कळत नाही.

२७ एप्रिल.
मोठी बातमी! सासऱ्यांचा गडी कोंडीबा आला. धाकट्या मेहुणीचं, मालनचं, लग्न आहे. गावात लाईट नाही, पुनमचंदच्या सगळ्या बॅटऱ्या लग्नसराईत बाहेर गेलेल्या. त्यानंच सासऱ्यांना सांगितलं की तुमच्या जावयाकडं तगडी बॅटरी हाय. ती भोंग्यासाठी मागायला आला. मी विचारलं, अन् मला काय निरोप? कोंडीबा म्हणाला, मला तर बॅटरीचंच सांगितलं मालकांनी.
आई म्हणाली, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी म्हटलं, आई, घरच्या जावयाला कुठं निरोप द्यावा लागतो का? बॅटरी मागितली म्हणजे मलाच बोलावलं.
पद्मानंच सुचवलं असेल. मानी आहे, सरळ बोलणार नाही.

२ मे. सिद्धेश्वर.
बॅटरी कालच बैलगाडीतून आली. मी एसटीनं आलो. रेसची बॅटरी परक्याच्या हाती सोडून चालत नाही, लक्ष ठेवायला पाहिजे. मांडवात गेलो नाही. पँटीला भोकं, अन् जावयानं बोलावणं येईपर्यंत थांबायचं असतं. मांडवाच्या अलीकडं दोन शेतं सोडून चिंचेखाली बसलो. पुनमचंदच्या भोंग्यातून आहेर पुकारत होते, आवाज खणखणीत. कुणी भांडं दिलं, कुणी लुगडं दिलं, सगळं ऐकू येतं. माझी बॅटरी!

पंगती उठल्यावर बायकांना माईकवर नाव घ्यायला लावलं. सासऱ्यांच्या भावकीतली चतुराबाई म्हणाली, 'हळदीच्या वाफ्याला पाणी देते वाकून, जळबारावांचं नाव घेते सर्वांचा मान राखून.' टाळ्या पडल्या. मग बायका ओरडल्या, आता पद्मा, पद्मा, घे की नाव! मी उठून उभा राहिलो. आमच्या लग्नात तिनं माझं नाव असं घेतलं होतं की बाजूच्या आळीतली माणसं हसली होती.
भोंग्यातून काहीच आलं नाही. जरा खरखर झाली. मग दुसरीच बाई बोलायला लागली.
बरोब्बर त्याच वेळी बॅटरी उतरली. नशीब एकेकाचं.
बोलावणं आलं नाही. गडबडीत राहून गेलं असणार. लाडू दिसत होते लांबून. भूक लागली होती, रडूही आलं. शेवटची एसटी धरली.

३ मे.
बॅटरी दिवसभर भोंग्याला जुंपली, उतरणारच. दोष माझाच, जाण्याआधी चार्ज करायला पाहिजे होती. पद्मानं नाव घेतलं, ते फक्त बाहेर पडलं नाही. पुनमचंदला विचारायचं, काय घेतलं होतं.

४ मे.
पुनमचंद बॅटरी पोचवायला आला. म्हणाला, क्या बॅटरी है नरसिंगभाई, वरात निघेपर्यंत एक अक्षर तुटलं नाही. मी म्हटलं, मधी बायका नाव घेत होत्या तवा उतरली होती ना? म्हणाला, कहाँ? माईक माझ्याच हातात होता. एका बाईनं हात लोटून दिला म्हणून खरखर झाली. मागं सरून हळूच म्हणाली, माझ्यापाशी न्हाई आता घ्यायला नाव.
मी विचारलं, कोण बाई? तो सांगायला लागला अन् मधीच थांबला. मग उन्हाळा लई कडक आहे म्हणाला. चहा न घेता गेला.

१८ मे. रेसचा दिवस.
गेलो नाही. सकाळी बॅटरी बसवली, सेल्फ मारला. पहिल्या झटक्याला सुरू झाली. बंद केली. पुन्हा मारला, पुन्हा सुरू. दहादा केलं. एकदा तरी दगा देईल असं वाटत होतं.
बॅटरीत काही दोष नाही.
आत येऊन आईला म्हटलं, पद्मा येत नाही आता. आई म्हणाली, मला शिमग्यालाच कळलं होतं रे लेकरा. जेव आता.